तीन पाने उघडल्यानंतर

दिवाळीच्या पाडव्याला शास्त्रकारांनी द्यूतप्रतिपदा असे नाव देऊन ठेवले आहे, आणि आमच्या घरात या एका शास्त्राचे पालन इतर कुठल्याही शास्त्रापेक्षा अधिक निष्ठेने होते. ओवाळणी आटोपली, दुपारची जेवणे झाली, की माजघरात सतरंजी पसरली जाते, चकल्यांचा डबा मधोमध येतो आणि कपाटातून पत्त्यांचा जोड व चिंचोक्यांची पिशवी बाहेर निघते. पूर्वी आम्ही मेंढीकोट आणि तीन पत्ती खेळत असू. अलीकडे मुलांच्या आग्रहावरून पोकर आले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्या खेळाबरोबर सतरंजीवर येऊन बसणाऱ्या एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे 'नशीब'.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. त्यावर चाल होते. मग सर्वांच्या मालकीची अशी तीन पाने मध्यभागी उघडतात, त्यांना 'फ्लॉप' म्हणतात. पुन्हा चाल. मग चौथे पान 'टर्न', पुन्हा चाल. पाचवे पान 'रिव्हर', आणि शेवटची चाल. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पाने सरस, त्याची रास. 'नो-लिमिट' म्हणजे आपली पाळी आली की कुणीही आपल्यापुढचे सारेच्या सारे लोटू शकतो. बस्स, एवढाच खेळ.

आता गेल्या पाडव्याचा डाव सांगतो. प्रत्येकाजवळ ४०० चिंचोके होते. वहिनी, मी आणि माझा भाचा असे तिघे डावात राहिलो. प्रत्येकी २० घातल्याने राशीत ६० जमले. भाच्याच्या हातात बदामचा एक्का आणि इस्पिकचा बादशहा होता. मधे उघडली ती किलवरची दश्शी, किलवरची नव्वी आणि चौकटची अठ्ठी. वहिनींनी ४० घातले. मी पाने टाकून दिली. भाच्याने ४० दिले. चौथे पान आले चौकटची दुर्री. वहिनींनी १०० घातले. भाच्याने १०० दिले. पाचवा आला बदामचा बादशहा, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर लक्ष्मीपूजनाचा उजेड पडला. वहिनींनी शांतपणे उरलेले २४० पुढे सारले. त्यानेही सारले. वहिनींनी पाने उलटली: राणी आणि गुलाम. त्यांचा सिक्वेन्स पहिली तीन पाने उघडली तेव्हाच पुरा झाला होता. भाच्याने ज्याचे एवढे स्वागत केले त्या बादशहाने तो आणखी एक पायरी उंच केला, इतकेच.

"काय नशीब!" भाचा म्हणाला. "एक्का-बादशहा हातात असून हरलो, मामा."

"नशीब नव्हे," मी म्हणालो, "हट्ट."

यावर ताईने माझ्याकडे असे पाहिले की पुढचे वाक्य मी चकलीबरोबर गिळले. "सणावारी तरी पोराला बोलू नकोस रे," ती म्हणाली. ते वाक्य वर्षभर माझ्या घशात अडकून आहे. संपादकांच्या कृपेने आज ते बाहेर काढतो.

छत्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले, तेव्हा आधी हिशेब मांडतो. भाच्याने एकंदर ४०० चिंचोके घालवले. त्यांतले पहिल्या दोन पानांवर गेले २०. ती तीन पाने उघडल्यानंतर गेले ३८०. आता मला सांगा, शिकायचे काय? ज्यावर २० जातात ते, की ज्यावर ३८० जातात ते? पण आमची मुले पाठ करतात काय, तर कोणती दोन पाने घेऊन डावात शिरावे! त्याचे तक्ते मिळतात, ते घोकता येतात, आणि घोकले की खेळ आला असे वाटते. मुंजीचे आमंत्रण कसे लिहावे हे शिकून मुंज लागत नाही. फ्लॉपपूर्वीचा खेळ हे आमंत्रण आहे. कार्य त्यापुढे असते.

नो-लिमिटमध्ये तर हा फरक भयंकर वाढतो. राशीत ६० आहेत असे समजा. एकाने राशीएवढेच, म्हणजे ६०, घातले आणि दुसऱ्याने दिले की रास झाली १८०. पुढच्या पानावर हेच झाले की ५४०. शेवटच्या पानावर हेच झाले की १६२०. तीनच चाली, आणि रास सत्तावीस पट! ज्याला ही वाढ दिसत नाही तो एका जोडीच्या भरवशावर घरदार लावतो. लहान पानांनी लहान रास खेळावी, मोठी रास मोठ्या पानांसाठी ठेवावी, हे साधे तत्त्व आहे. पण ते पाळायचे तर पहिली चाल देतानाच तिसऱ्या चालीचा विचार करावा लागतो.

नशीबवाद्यांचे पहिले म्हणणे असे, की चांगली पाने आली तर माणूस जिंकणारच. हे मला साफ नामंजूर आहे. हातात दोन वेगवेगळी पाने असली, मग ती एक्का-बादशहा का असेनात, तर फ्लॉपवर त्यांतल्या एकाची तरी जोडी लागण्याचा संभव तीनांत एकदा, असा ढोबळ हिशेब आहे. हातात आधीच जोडी असली तर तिचे तिसरे पान फ्लॉपवर येते साडेआठांत एकदा. याचा अर्थ असा, की चांगल्या पानांनिशी शिरलेला माणूससुद्धा बहुतेक वेळा तीन पाने उघडल्यावर रिकाम्या हाताने बसलेला असतो. हे दुर्दैव नव्हे, हा नियम आहे. नियमाला जो दुर्दैव म्हणतो, तो पावसाळ्यात छत्री न घेता निघून आभाळाला शिव्या देतो.

मग त्या क्षणी करावे काय? माझ्या मते माणसाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, आणि दर नव्या पानाला ते नव्याने विचारावेत.

पहिला प्रश्न: समोरच्याने आतापर्यंत जे केले, ते कोणती पाने असलेला माणूस करील? एकच पान ओळखायचे नाही. जेवढी शक्य आहेत तेवढी मनात धरायची आणि दर चालीला त्यांतली न पटणारी काढून टाकायची. दश्शी-नव्वी-अठ्ठी ही पाने एक्का-बादशहावाल्याच्या कामाची नव्हेत. ती मधल्या पानांनी शिरलेल्यांच्या कामाची. वहिनी चाळीस वर्षे आमच्याबरोबर खेळताहेत. हातात काही नसताना त्यांनी तीन वेळा चिंचोके लोटले असे एकदाही घडलेले नाही. मग शेवटच्या बादशहाची ती जोडी वहिनींच्या कोणत्या पानांना हरवणार होती? हा प्रश्न भाच्याने विचारलाच नाही. त्याने आपली पाने पाहिली, वहिनींची चाल पाहिली नाही. वास्तविक दर वेळी त्याची पाळी वहिनींच्या नंतर होती. त्यांचे बोलणे ऐकून मग आपण बोलायचे, याहून मोठी सवलत या खेळात नाही. ती त्याने वाया दालवली.

दुसरा प्रश्न: किंमत काय आणि माल काय? फ्लॉपवर भाच्याला ४० देऊन १४० च्या राशीत हिस्सा मिळायचा होता. ४० भागिले १४०, म्हणजे शेकडा साडेअठ्ठावीस वेळा तरी तो जिंकायला हवा, तर व्यवहार बरोबरीत सुटतो. त्याला उपयोगी पाने किती? तीन एक्के, तीन बादशहा, एकूण सहा. न दिसलेली पाने ४७. सहा भागिले सत्तेचाळीस, म्हणजे शेकडा तेराच्या आत. तेराचा माल साडेअठ्ठावीसला घेतला! भाजीबाजारात ताई असा सौदा करील काय? आणि त्या सहांतला जो आला तो बादशहाही नासका निघाला. बरे, एकाच रंगाची चार पाने जमून पाचव्याची वाट पाहणारा बघा. त्याला नऊ पाने उपयोगी. पुढच्या एका पानात येण्याचा संभव शेकडा एकोणीस. समोरच्याने राशीच्या निम्मे घातले तर त्याला हवेत शेकडा पंचवीस. रंग भरल्यावर समोरचा आणखी देईल अशी खात्री असली तर घ्यावे, नसली तर सोडावे. यात नशिबाला विचारण्यासारखे काही नाही. हा चौथीचा भागाकार आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण: राशीत जे घातले ते आता कुणाचे? उत्तर सोपे आहे, ते कुणाचेच नाही. पण मन ते मानीत नाही. 'एवढे घातलेच आहेत, आता कसे सोडू?' या एका वाक्याने जेवढी घरे बुडाली तेवढी बहुधा महापुराने बुडाली नसतील. घातलेले चिंचोके परत आणायला आणखी चिंचोके पाठवायचे, हा हिशेब नव्हे. पाने पालथी घालणे म्हणजे हार, अशी आमची समजूत आहे. मी म्हणतो, या खेळातले निम्मे शहाणपण पाने पालथी घालण्यात आहे.

आता दुसऱ्या बाजूने शूरवीर उठतील. ते म्हणतील, "मास्तर, तुमचे भागाकार ठेवा बाजूला. पोकर म्हणजे हूल. छाती पाहिजे, आणि समोरच्याचा चेहरा वाचता आला पाहिजे." हे लोक चित्रपट पाहून खेळ शिकलेले असतात.

हा खेळ टेक्ससचा. रॉब्सटाऊन हे त्याचे जन्मगाव असे त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली ठरावाने मान्य केले. लास व्हेगासला १९७० पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. तिथे २००३ साली टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस जिंकला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. (आडनाव खरेच मनीमेकर, आपल्याकडे पैसेकर म्हणा.) शेवटी समोरासमोर बसलेल्या सॅम फार्हा या मुरब्बी खेळाडूला त्याने हातात काही नसताना सारे चिप्स लोटून पळवून लावले. जगाने त्यातून धडा घेतला तो छातीचा. पण तो डाव पुन्हा पाहा. मधे इस्पिकची तीन पाने होती, रंग आणि सिक्वेन्स दोन्ही शक्य होते. फार्हाजवळ नव्व्यांची जोडी होती. चांगली, पण भिण्याजोगी. मनीमेकरने सांगितलेली गोष्ट खोटी होती खरी, पण ती मधल्या पानांशी जुळत होती. पानांशी न जुळणारी हूल म्हणजे नुसती थाप. हुलीचाही हिशेब आहे: राशीच्या निम्मे घालून हूल दिली तर तीनांत एकदा तरी समोरच्याने पळायला हवे. आणि जो कधीच पाने टाकीत नाही, त्याला, म्हणजे उदाहरणार्थ माझ्या भाच्याला, हूल देणे म्हणजे बहिऱ्यापुढे कुजबुजणे.

चेहरा वाचण्याबद्दल तर बोलूच नये. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' या संगणकाने चार नामांकित खेळाडूंना नो-लिमिटमध्ये वीस दिवस आणि १,२०,००० डाव खेळून हरवले. त्या यंत्राला डोळे नव्हते. आणि नशिबाला पळवाट राहू नये म्हणून चौघांच्या दोन जोड्या केल्या होत्या: एका जोडीदाराला जी पाने येत, तीच दुसऱ्या जोडीदाराविरुद्ध यंत्राला दिली जात. डुप्लिकेट ब्रिज खेळणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. पाने सारखी, निकाल वेगळा. जे उरले ते खेळणाऱ्याचे. हूलसुद्धा ते यंत्र देत होते, आणि छातीवाचून देत होते.

इथवर वाचून काही वडीलधारे अस्वस्थ झाले असतील. "म्हणजे तुम्ही आमच्या मुलांना जुगार शिकवायला निघालात?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ताईने मला पाडव्याला गप्प केले त्याचे कारण नुसता सण नव्हता.

भाच्याला पत्ते मी शिकवले. तो दहा वर्षांचा असल्यापासून सुट्टीत आमच्याकडे येई. तो जिंकला की मी त्याच्या पाठीवर थाप मारी. हरला की 'पाने नव्हती रे तुझी' म्हणून समजूत घाली. चुकीचा डाव खेळून तो जिंकला तेव्हाही थाप मारली. गणिताच्या वर्गात उत्तर बरोबर पण रीत चूक असली तर मी गुण कापत असे, आणि घरात सतरंजीवर मात्र नुसत्या उत्तराला पैकीच्या पैकी देत आलो. पुढे तो नोकरीला लागला, हातात मोबाइल आला, त्यावर पैशांचे पोकर आले. पहिल्याच महिन्यात जिंकला. मग हरू लागला, आणि हरण्याला त्याच्याजवळ मामाने दिलेला शब्द तयार होता: नशीब. नशीब काय, आज नाही तर उद्या फिरेल! ते फिरेपर्यंत सव्वादोन लाख गेले. ताईने मुदतठेव मोडून ते फेडले. मला कुणी बोलले नाही. न बोलण्याचे दुःख मोठे असते.

तेव्हा मोबाइलवर खेळ विकणारे ओरडून सांगत, की हा कौशल्याचा खेळ आहे. ते खोटे बोलत नव्हते, आणि हीच त्यांची लबाडी. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले होते. त्याच आधारावर हे दुकान थाटले गेले. पण खेळ कौशल्याचा आहे म्हणून खेळणारा कुशल होत नाही! उलट, खेळ जितका कौशल्याचा, तितका अडाण्याचा पैसा तज्ज्ञाकडे लवकर वाहतो. आणि दुकानदार दर राशीतून आपला वाटा काढतो तो निराळाच. सारख्या वकुबाचे सहा जण बसले आणि शंभराच्या राशीतून पाच रुपये दर वेळी मालकाने उचलले असे धरा. पहाटेपर्यंत सहाही जण हरलेले असतील आणि जिंकलेला एकटा मालक, जो एकही पान खेळला नाही. मोबाइलवर काय किंवा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर काय, हे गणित बदलत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. त्यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. आमच्या ताईला तो कायदा तीन वर्षे उशिरा आला, एवढेच मी म्हणेन.

पण कायदा दुकान बंद करतो. 'नशीब' हा शब्द घरात राहतोच.

जुगाराचे नाव काढले की आपल्याकडे सगळ्यांना युधिष्ठिर आठवतो. मला महाभारतातलाच दुसरा जुगारी आठवतो, नल. तोही द्यूतात राज्य हरला, रानोमाळ भटकला, ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर त्या राजाने एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून फळे नि पाने किती ते सांगितले. नलाने रथ थांबवला, झाड तोडले आणि मोजून पडताळा घेतला. आकडा जुळला. मग ऋतुपर्णाने त्याला अक्षविद्या दिली, आणि कथा सांगते, की ती विद्या मिळताच नलाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडला. राज्य परत मिळाले ते पुढे. (त्या वेळी त्याने पुन्हा सर्वस्व पणाला लावले, ते मला मुळीच पसंत नाही.) पण कली निघाला तो मोजायला आल्याक्षणी. आपण मुलांना एवढेच सांगतो, की द्यूत वाईट. कली कशाने निघतो हे सांगत नाही.

म्हणून माझे मागणे फार नाही. या पाडव्याला चिंचोक्यांवर खेळा, पैशांवर नको. प्रत्येकाला मोजून ४०० द्या, पुन्हा उसने देऊ नका. ज्याचे संपतील त्याने सर्वांचा चहा करावा, म्हणजे पाने टाकण्याला अर्थ राहील. आणि डाव संपला की कोण जिंकले हे विचारू नका. तीन पाने उघडली तेव्हा काय ठाऊक होते आणि त्यावरून काय करायला हवे होते, हे विचारा. जिंकलेल्यालाही विचारा.

यंदा गौरीच्या जागरणाला आम्ही असेच बसलो. भाच्याच्या हातात राण्यांची जोडी होती. मधे उघडले एक्का, बादशहा आणि चौकी. ताईने राशीएवढे चिंचोके लोटले. मागे वहिनी अजून बोलायच्या होत्या. भाच्याने राशीकडे पाहिले, ताईकडे पाहिले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि राण्या पालथ्या घातल्या. वहिनींनीही पाने टाकली. तेव्हा ताईने हसत हसत आपली पाने उलटली: अठ्ठी आणि सत्ती. सारे माजघर हसले. "फसलास की रे, आईने फसवलं तुला!"

मी श्वास रोखून त्या शब्दाची वाट पाहत होतो.

"फसलो खरा," भाचा म्हणाला. "पण दोघींच्या मध्ये सापडलो होतो, आणि मधे एक्का-बादशहा. पुन्हा आलं तरी सोडीन." आणि त्याने पत्ते गोळा करून पिसायला घेतले.

या खेपेला मी त्याच्या पाठीवर थाप मारली.